चेटकिणींची मापवही

अनुसयेला लोक चेटकीण म्हणायला लागले ते फार उशिरा. ती स्वतःच स्वतःला तसं म्हणवून घ्यायला लागली होती त्याच्या कितीतरी वर्षं आधी, आणि तेही हसत हसत.

हुबळीत कोप्पीकर रोडवरून एक बोळ आत जातो. त्या बोळात समाजाच्या मालकीच्या गाळ्यांची रांग आहे आणि तिसरा गाळा ह्या तिघी बहिणींचा. बोर्डावर 'अनुसया ब्लाऊज सेंटर' असं वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत लिहिलंय. थोरली अनुसया कापड कापते. मधली राधा हुका लावते, साडीला फॉल लावते आणि बोलते. धाकटी सुनिता मशीन चालवते, आणि राधा जितकं बोलते तितकीच ती गप्प असते. आजोबा मिरजेहून एक कात्री घेऊन इथं आले, ती कात्री अजून अनुसयेच्या हातात आहे. धार लावून लावून ती बोटभर झिजली, पण अनुसया दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देत नाही.

लग्नांचं म्हणाल, तर अनुसयेला स्थळं आली आणि तिनं एकेक करून परत पाठवली. एकानं विचारलं होतं, "लग्नानंतर दुकान कुणाला देणार?" ही म्हणाली, "तुम्हाला शिवता येतं?" झालं, तो चहा तसाच ठेवून उठला. राधेला अळणावरला दिली होती, ती चार वर्षांत ट्रंक घेऊन परत आली आणि का आली ते राधेनं, एवढी तोंडाळ बाई, आजतागायत कुणाला सांगितलं नाही. सुनितेनं लग्नाचा विषयच कधी काढला नाही. आता तिघींनी उणकलला दोन खोल्यांचं घर केलंय. सकाळी चिगरी बसमधून तिघी एका ओळीत उतरतात आणि चालत बोळात येतात. थोरली पुढं, राधा मध्ये बोलत, सुनिता मागं डबा घेऊन.

आणि दुपारी दोन ते तीन शटर अर्धं खाली. नव्या माणसाला वाटायचं, जेवणाची सुट्टी असेल. जेवण कसलं डोंबलाचं! सिरियल.

सिरियल परदेशातली, हिंदीत डब केलेली. नाव काहीतरी भडक होतं, पण ह्या तिघी तिला नुसतं 'बहिणींची सिरियल' म्हणत. कुठल्याशा बंदराच्या गावात तीन बहिणी पावाची बेकरी चालवतात आणि तिघी चेटकिणी असतात. सकाळी पीठ मळायचं, दुपारी राक्षस मारायचा, संध्याकाळी पुन्हा पाव भाजायचा. थोरली कडक, मधली तोंडाळ, धाकटी गप्प. पहिल्याच आठवड्यात राधेनं जाहीर केलं, "अक्का, ह्या आपणच की गं! त्यांच्याकडं भट्टी आहे, आपल्याकडं मशीन. एवढाच फरक." अकरा वर्षं चालली ती सिरियल. संपली तेव्हा राधा दोन दिवस जेवली नाही. मग ती पुन्हा पहिल्यापासून लागली, आणि आता तर मोबाईलवर कधीही बघता येते. पण ह्या बघतात ती दोनलाच. शिस्त म्हणजे शिस्त.

त्या सिरियलमधल्या बहिणींकडं एक जाडजूड पोथी होती. गावातल्या प्रत्येक बाईच्या नावाचं तिच्यात एक पान. नियम एकच: जिचं पान तिलाच ते वाचता येतं, दुसऱ्या कुणी उघडलं तर कोरं दिसतं. एका भागात राक्षसानं धाकटीला डांबून ठेवलं आणि म्हणाला, एक पान वाचून दाखव, मग हिला सोडतो. थोरलीनं दिलं नाही. त्या दिवशी अनुसयेच्या ताटातला भात गार झाला आणि तिला कळलंसुद्धा नाही.

तेव्हापासून दुकानातल्या मापवहीला तिघी 'पोथी' म्हणायला लागल्या. वही होतीही तशीच. चौतीस वर्षांपूर्वी अनुसयेनं सुरू केलेली. एक वही भरली की दुसरी तिलाच दाभणानं शिवायची. असं करत करत ती उशीएवढी जाड झाली. प्रत्येक बाईचं एक पान. वर नाव, खाली छाती, कंबर, खांदा, बाही, गळा. आणि पानाच्या कोपऱ्यात त्या बाईच्या कापडाची दोन बोटं चिंधी, टाचणीनं लावलेली. दोऱ्याचा रंग जुळवायला बरं पडतं आणि पुढच्या खेपेला बाई म्हणाली, "मागच्यासारखंच शिवा," की मागचं कुठलं ते शोधायला लागत नाही. आजोबाही असंच करायचे. ह्यात जादू ती काय असायची!

पण एक गोष्ट खरी. मापांच्या खाली अनुसया बारीक अक्षरात आणखी काही लिहायची. माप घेताना बाई हात वर करते, पदर काढून ठेवते, पाठ वळवते. जे आईला सांगितलेलं नसतं, ते टेपला कळतं. कुणाच्या एका बाजूला आत कापूस भरायचा असतो, कारण तिथं आता काही उरलेलं नाही आणि घरात सासूलाही ते माहीत नाही. कुणाची कंबर लग्नाच्या महिनाभर आधी एकदम वाढलेली असते. अनुसयेनं कधी चकार शब्द काढला नाही. "ब्लाऊज बसायला पाहिजे," म्हणायची, "बाकीचं आपल्याला काय करायचंय?" आणि पुढच्या वेळी विसरू नये म्हणून लिहून ठेवायची.

विठ्ठलरावांच्या घरच्या बायकाही इथंच शिवत. विठ्ठलराव म्हणजे समाजाचे अध्यक्ष, भांड्यांचे मोठे व्यापारी, पांढरा शर्ट आणि त्याहून पांढरा आवाज. त्यांची बायको पार्वती, मुलगा प्रभंजन आणि तीन वर्षांपूर्वी आलेली सून स्नेहा. स्नेहा पहिल्यांदा आली तेव्हा चार इंची बाही आणि मागं खोल गळा सांगितला होता. हसत होती. सहा महिन्यांनी आली आणि म्हणाली, "बाही कोपरापर्यंत." त्यानंतर कोपराखाली. शिवाय पाठ बंद. एकदा मे महिन्यात, हुबळीचा मे महिना, मनगटापर्यंत बाही मागितली तिनं. अनुसयेनं दंडाला टेप लावला तशी पोरगी कळवळली. अनुसयेनं टेप सैल सोडला, अंदाजानं माप घेतलं आणि वहीत लिहिलं: 'उजवा दंड, टेप सैल धरणे.'

"कुणी केलं?" तिनं विचारलं.

"पडले, अक्का."

"तीन वेळा?"

स्नेहानं पदर खांद्यावर ओढून घेतला. अनुसया म्हणाली, "हे दार दहा ते आठ उघडं असतं. बाकीच्या वेळी उणकलला या. बेल वाजवायची पण गरज नाही, नुसती हाक मारा." स्नेहानं मान हलवली आणि गेली. त्यापुढं काय करायचं हे अनुसयेला कळेना, आणि ते कळत नाही ह्याचा तिला इतका संताप आला, की त्या दिवशी तिच्या हातून एका पैठणीच्या ब्लाऊजपीसचा काठ वाकडा कापला गेला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

तर ह्या स्नेहाला तीन वर्षांत मूल झालं नाही. मग काय, विठ्ठलरावांच्या घरी सुरू झाले नवस, धागे, दोरे. डॉक्टर सोडून सगळं. शेवटी कुणीतरी एका देवऋषीचा पत्ता दिला. तो डोळे मिटून म्हणाला, "तुमच्या सुनेच्या कपड्याचा तुकडा एका बाईनं टोचून ठेवलाय. तिच्या नावासकट."

पार्वतीबाईंनी कपाळावर हात मारला. टोचलेला तुकडा! नावासकट! त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला! आणि त्या तिघी रोज दुपारी शटर खाली ओढून चेटकिणींची सिरियल बघतात, हे तर सगळ्या बोळाला माहीत. दोन आणि दोन चार. मापवहीची झाली करणीची वही.

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! आठवड्याभरात बोळात कुजबुज, पंधरा दिवसांत अख्ख्या समाजात. कन्नडमध्ये 'माटगाती', मराठीत 'चेटकीण', शिवी दोन्हीकडून. एकीचा गर्भ गेला होता दोन वर्षांपूर्वी, तिला आता आठवलं की तिचा ब्लाऊज इथलाच. एकीच्या नवऱ्याची बदली झाली होती, तीसुद्धा ह्यांच्याच खात्यात. ऐन लग्नसराईत कापडाच्या पिशव्या परत जायला लागल्या. राधा दारात उभी राहून एकेकीला नावानं हाक मारायची, "काय गं, काल तर माझ्या डब्यातली चकली खाल्लीस! ती पण उतरवून घेणार काय?"

एका शनिवारी सकाळी तिघी आल्या तर उंबऱ्यावर लिंबू. हळदकुंकू फासलेलं, खाली तांदूळ. समोरच्या दुकानांतली माणसं कामं सोडून बघत उभी. सुनिता दोन पावलं मागं सरली. अनुसया वाकली, लिंबू उचललं, अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"ताजं आहे," ती म्हणाली. "सुनिता, साखर आण."

तिनं नळाखाली ते खसाखसा धुतलं, पिळलं, सरबत केलं, आणि पायरीवर उभं राहून, सगळ्या बोळाला दिसेल असं, घुटक्या घुटक्यानं प्यायली. मग ओरडून म्हणाली, "ज्यानं ठेवलंय त्यानं उद्या दोन ठेवा! राधेला आणि सुनितेला पण पाहिजे!" समोरचा पानपट्टीवाला फिस्सकन हसला आणि लगेच गंभीर झाला.

सोमवारी विठ्ठलराव स्वतः आले, सोबत प्रभंजन. विठ्ठलराव उभ्यानंच बोलले. येत्या रविवारी समाजाच्या कार्यालयात सगळ्यांसमोर वही आणायची. आणि तिथंच जाळायची. "म्हणजे लोकांचं समाधान होईल. नाहीतर हा गाळा समाजाचा आहे, अनुसयाबाई. समाजाला विचार करावा लागेल."

"आणि वहीत काही नसेल तर?"

"तर जाळायला काय हरकत?"

बघा कसं असतं! पण अनुसयेचं लक्ष विठ्ठलरावांकडं नव्हतं. प्रभंजन इतका वेळ गप्प होता आणि त्याची नजर फळीवरच्या वहीवरून हलत नव्हती. जाता जाता तो मागं वळला आणि हळूच म्हणाला, "स्नेहाच्या पानावर काय लिहिलंय?"

"माप."

"अजून?"

चोराच्या मनात चांदणं! अनुसयेनं कात्री मिटली. "तिचं पान आहे," ती म्हणाली. "तिला विचारा."

त्या दुपारी सिरियल लागली, पण कुणी बघितली नाही. राधेचा आवाज चढला. "अक्का, तू वेडी आहेस! अगं, त्यांनाच वाचायला दे ना ते पान! तारखेसकट लिहिलंयस. सगळ्या समाजासमोर त्या मेल्याचं तोंड काळं होईल, आणि आपण सुटू. एका मिनिटात!"

"हो," अनुसया म्हणाली. "आपण सुटू. आणि कार्यक्रम संपल्यावर ती कुणाच्या गाडीत बसून कुणाच्या घरी जाईल?"

राधेनं सिरियल बंद केली. मग सुनिता बोलली. ती बोलली की दोघी ऐकतात, कारण महिन्यातून एकदा बोलते. "पोलिसांत जाऊ. आता कायदा आहे असल्याला."

"आहे. पण ते पहिल्यांदा वही मागतील. पुरावा म्हणून. चौतीस वर्षांच्या बायका त्या टेबलावर उघड्या पडतील."

"मग जाळून टाक," राधा रडकुंडीला येऊन म्हणाली. "माप काय, पुन्हा घेता येतं."

अनुसयेनं वही मांडीवर घेतली. "जाळली म्हणजे मी कबूल केलं. उद्या कुठल्याही बाईच्या हातात काही लिहिलेलं दिसलं की हे निखाऱ्यांचं घमेलं घेऊन येणार. जाळणार नाही, आणि उघडणार पण नाही. गाळा गेला तर उणकलच्या खोलीत मशीन टाकू. माझं दुकान ह्या चार भिंती नाहीत, ही कात्री आहे." बोलताना तिनं भिंतीकडं बघायचं टाळलं. गाळा तिला प्राणाहून प्यारा होता, हे दोघी बहिणींना ठाऊक होतं. आजोबांच्या हातची खुंटी अजून त्या भिंतीत होती.

रविवारी तिघी काळी इरकल नेसल्या. तांबडे काठ, वर खणाचा ब्लाऊज, तिघींचा सारखा. कल्पना राधेची. "सिरियलमध्ये शेवटच्या भागात त्या काळ्या कपड्यांत जातात," ती म्हणाली. "लोकांनी चेटकीण म्हटलंय तर चेटकिणीसारखं जाऊ. गरीब गाय होऊन कशाला?" बसमध्ये एका बाईनं विचारलं, "कुणाचं लग्न आहे, अक्का?" राधा म्हणाली, "लग्न नाही, बाई. आम्हाला जाळणार आहेत." बाई पुढच्या थांब्यावर उतरून गेली.

कार्यालय भरलं होतं. पुढं पुरुष खुर्च्यांवर, मागं बायका सतरंजीवर. स्टेजजवळ घमेल्यात कोळसे फुललेले आणि बाजूला तुपाची वाटी. विठ्ठलराव बोलले. समाज, परंपरा, सुनांची काळजी, सगळं बोलले. मग म्हणाले, "अनुसयाबाई, वही द्या."

अनुसया उठली. खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली वही तिनं छातीशी धरली होती.

"हौद, होय, आहे इथं," ती म्हणाली. "चौतीस वर्षं आहेत हिच्यात. तुमच्या आया आहेत, बायका आहेत, लेकी आहेत. ज्या चिंध्यांना तुम्ही करणी म्हणता, त्या मी दोऱ्याचा रंग जुळवायला ठेवते. माझे आजोबा ठेवायचे. तुमच्या आज्यांच्या पोलक्याच्या चिंध्या त्यांनी ठेवल्या होत्या आणि तुमचे वडील तरीसुद्धा जन्मले." मागून कुणीतरी हसलं. "मी ही वही जाळणार नाही. उघडणार पण नाही. माप देताना बाई माझ्यासमोर उभी राहते, विठ्ठलराव, ती तुमच्यासमोर उभी राहिलेली नसते. तिच्या अंगावर काय आहे, काय नाही, ते तिचं आहे. तुमच्या बापाचं नाही!"

"तोंड सांभाळून!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"चौतीस वर्षं सांभाळलंच आहे. तेच सांगतेय." ती बायकांच्या बाजूला वळली. "जिला आपलं पान नको असेल तिनं यावं. मी कापून तिच्या हातात देईन. फक्त तिच्या. नवऱ्याच्या नाही, सासऱ्याच्या नाही, अध्यक्षांच्या तर मुळीच नाही. बाकी ज्यांना वाटतं मी चेटकीण आहे, त्यांना माझा नमस्कार. चेटकीण तर चेटकीण!"

कुणी हललं नाही. पुढच्या रांगेतली माणसं हळूच मान वळवून आपापल्या बायकांकडं बघायला लागली, आणि बायका सतरंजीकडं. विठ्ठलरावांनी घसा खाकरला. "म्हणजे ही बाई ऐकत नाही. समाजानं आता ठरवायचं, गाळा..."

"अक्का, माझं द्या."

स्नेहा उभी होती. जांभळी साडी, मनगटापर्यंत बाही.

"खाली बस," प्रभंजन म्हणाला.

ती बसली नाही. बायकांमधून वाट काढत ती पुढं आली, नवऱ्याच्या खुर्चीजवळून जाताना थोडी बाजूनं आली आणि अनुसयेसमोर थांबली. अनुसयेनं वही उघडली, पान शोधायला तिला बघावं लागलं नाही. आजोबांची कात्री काढली, कड धरून पान कापलं. देताना अगदी हळू म्हणाली, "घडी घाल आणि ठेव. वाचायची गरज नाही. तू घडी घातलीस तरी मी काही बोलणार नाही, गाळा गेला तरी."

स्नेहानं पान हातात घेतलं. मग ती लोकांकडं तोंड करून वळली आणि शाळेतली मुलगी धडा वाचते तशी वाचायला लागली.

"डिसेंबर. बाही चार इंच. जून. बाही कोपरापर्यंत. नोव्हेंबर. बाही कोपराखाली चार बोटं, पाठ बंद. मे. बाही मनगटापर्यंत." ती थांबली. "उजवा दंड, टेप सैल धरणे."

पुरुषांना कळायला वेळ लागला. बायकांना लागला नाही. सतरंजीवर एकीनं तोंडाला पदर लावला, दुसरी मोठ्यानं "अगं आई गं" म्हणाली. स्नेहानं उजवी बाही वर ओढायचा प्रयत्न केला, ती घट्ट होती, येईना. मग तिनं ओढली नाही. "मूल का होत नाही विचारता," ती म्हणाली. "एक राहिलं होतं. तुमच्या मुलाला विचारा कुठं गेलं. मी आज घरी येणार नाही."

प्रभंजन ताडकन उठला. "खोटं आहे! ह्या रांडांनी शिकवून..."

"बाय मुच्च!"

गप्प बस, असं कन्नडमध्ये म्हणणारा तो आवाज पार्वतीबाईंचा होता. मुलावर त्या कधी ओरडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्या उठल्या आणि गुडघे धरत, सावकाश, पुढं यायला लागल्या. सगळ्यांना वाटलं, आता सुनेच्या झिंज्या धरणार. राधा पुढं सरसावली, सुनिताही. तिघी बहिणी स्नेहाच्या भोवती उभ्या राहिल्या.

पार्वतीबाई अनुसयेसमोर आल्या. ह्याच बाईनं सगळ्या हुबळीत आपली अब्रू काढली होती, आणि अनुसयेच्या जिभेवर दोन शब्द तयार होते. पण बाईंनी हात पुढं केला.

"माझं पण पान द्या," त्या म्हणाल्या. "एक्याण्णव सालचं."

अनुसया त्यांच्याकडं बघत राहिली. वहीच्या सुरुवातीलाच होतं ते पान. आजोबांचं दुकान नुकतंच हातात आलेलं, तेवीस वर्षांची अनुसया, तिचं पहिलं मोठ्या घरचं गिऱ्हाईक. तेव्हा तिला फार काही कळत नव्हतं, तिनं नुसतं लिहून ठेवलं होतं. तिनं कात्री लावली. कागद पिवळा पडला होता आणि टाचणी गंजून चिंधीला तांबडा डाग पडला होता.

पार्वतीबाईंनी ते वाचलं नाही. घडी घातली, कनवटीला खोचली. मग नवऱ्याकडं न बघताच म्हणाल्या, "ते घमेलं उचला. इथं काही जळणार नाही."

विठ्ठलराव बसून राहिले. शेवटी घमेलं सुनितेनं उचललं, बाहेर नेलं आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं.

गाळ्याचा विषय समाजाच्या बैठकीत पुन्हा निघाला नाही. कोण काढणार! स्नेहा काही दिवस उणकलला राहिली, मग माहेरी आईकडं गेली, आणि कोर्टाच्या तारखांना धारवाडला येते. ते सोपं चाललेलं नाही. प्रभंजनचा वकील मोठा आहे. पण तारखेच्या दिवशी तिच्या शेजारी काळ्या इरकली नेसलेल्या तीन बायका बसलेल्या असतात आणि त्यातली मधली सतत बोलत असते.

गेल्या मे महिन्यात स्नेहा दुकानात आली, पिवळ्या सुती कापडाची पिशवी घेऊन. अनुसयेनं टेप काढला. "बाही किती?"

"चार इंच."

अनुसयेनं दंडाला टेप लावला, नीट, घट्ट. नव्या पानावर लिहिलं. तेवढ्यात दारात पार्वतीबाई उभ्या राहिल्या. हातात खणाचं कापड, एकट्याच. सूनबाईला पाहून त्यांचा पाय अडला.

दोन वाजत आले होते. अनुसयेनं त्यांना बाकाकडं बोट दाखवलं. "बसा. सिरियल संपल्यावर." तिनं काही एवढ्यात माफ केलं नव्हतं, आणि कुणी तशी अपेक्षाही करू नये. राधेनं शटर अर्धं खाली ओढलं. पाच जणींनी तासभर सिरियल बघितली. राक्षस मेला. सुनितेनं भडंग वाटला, आणि पार्वतीबाईंच्या हातावरही चिमूटभर ठेवला.

मग अनुसया टेप घेऊन उभी राहिली. पार्वतीबाईंनी पदर काढून ठेवला, हात वर केले. एक्याण्णवनंतर त्या कधी बाहीचं माप सांगायच्या नाहीत, 'नेहमीसारखं' म्हणायच्या आणि नेहमीचं म्हणजे मनगटापर्यंत.

"बाही किती ठेवू?" अनुसयेनं विचारलं.

साठीला पोचलेली बाई, आरशात स्वतःच्या दंडाकडं बघत राहिली. मग सुनेकडं बोट दाखवून म्हणाल्या, "हिच्याएवढी."